ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरला वारस आहे का, हे आधी पाहावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ऑनलाइन दुकान सुरू करणाऱ्यांना मार्गदर्शन करणारे लेखन हल्ली वृत्तपत्रांतून वरचेवर येते आणि त्यात ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सर्वांसाठी खुला असतो अशा सॉफ्टवेअरची शिफारस बहुतेक वेळा एकाच कारणासाठी केलेली असते : ते फुकट मिळते. गेली अनेक वर्षे मी अशा दुकानांची तांत्रिक देखभाल करतो. दुसऱ्यांनी उभारलेली दुकाने दुरुस्त करणे आणि जुनी दुकाने नव्या आवृत्तीवर नेणे हेच माझे रोजचे काम आहे. ‘फुकट’ या एका शब्दावर निवड केल्यामुळे झालेले नुकसान निस्तरण्यात माझा इतका वेळ गेला आहे की, याविषयी जरा सविस्तर लिहावे असे मला मनापासून वाटले.

दुकान वर्षानुवर्षे चालवायचे असते. सॉफ्टवेअर लिहिणारी माणसे मात्र कधी थकतात, कधी दुसऱ्या कामाला लागतात. ज्या कंपनीने ते उभे केले ती विकली जाते आणि नव्या मालकाला जुन्या, छोट्या वापरकर्त्यांत फारसा रस उरत नाही. हे बंदिस्त सॉफ्टवेअरच्या बाबतीत घडते तसेच ओपन सोर्सच्या बाबतीतही घडते. फरक इतकाच की, ओपन सोर्समध्ये कोड आपल्या हातात राहतो, तो पुढे चालवण्याचा हक्क परवान्यानेच सर्वांना दिलेला असतो, आणि त्यामुळे मूळ सांभाळणारे बाजूला झाले तरी दुसरे कोणी ते काम उचलू शकते. ‘उचलू शकते’ आणि ‘उचलते’ यांत मोठे अंतर आहे. या सॉफ्टवेअरला उद्या वारस मिळेल का, आणि मिळाला तर आपल्याला आपले दुकान त्याच्याकडे नेता येईल का, हे तपासणे माझ्या मते दुकानदाराचे पहिले काम आहे. थीम किती देखणी आहे आणि कूपनचे किती प्रकार करता येतात, हे प्रश्न त्यानंतरचे.

या क्षेत्राचा इतिहास जेमतेम पाव शतकाचा आहे, पण वारसाच्या प्रश्नापुरता तो पुरेसा बोलका आहे. मार्च २००० मध्ये जर्मनीत हाराल्ड पोन्से दे लिओन यांनी ‘द एक्स्चेंज प्रोजेक्ट’ या नावाने सुरू केलेले दुकानाच्या सॉफ्टवेअरचे काम पुढे ओएसकॉमर्स या नावाने जगभर पसरले. त्याची पुढची मोठी आवृत्ती वर्षानुवर्षे रेंगाळली आणि दरम्यान दुकानदार आपापल्या गरजेप्रमाणे मूळ फायलींत हाताने बदल करत राहिले. २००३ मध्ये त्याच कोडची प्रत घेऊन काही जणांनी झेन कार्ट नावाने वेगळी चूल मांडली. डेव्हलपर मंडळी याला फोर्क म्हणतात. वूकॉमर्सचा जन्मही असाच झाला. २०११ मध्ये वूथीम्स या कंपनीने वर्डप्रेस या संकेतस्थळे बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या जिगोशॉपचा कोड घेतला, त्यावर काम करणाऱ्या दोन डेव्हलपरांना आपल्याकडे आणले आणि नवे प्लगइन, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला जोडायचा पूरक भाग, काढले. २०१५ मध्ये ती कंपनी ऑटोमॅटिकने विकत घेतली. त्याच वर्षी रुबी ऑन रेल्स या तंत्रावर लिहिलेल्या स्प्री या दुकानाच्या सॉफ्टवेअरमागची कंपनी फर्स्ट डेटा या पेमेंट कंपनीकडे गेली, तेव्हा स्प्रीवर ज्यांचे व्यवसाय अवलंबून होते त्यांनी सॉलिडस नावाने तोच कोड पुढे चालवायला घेतला. आज नावाजलेली अनेक सॉफ्टवेअर्स अशी कुणाची तरी वारस आहेत, हे दुकानदारांना सहसा कोणी सांगत नाही.

मॅजेंटो या दुकानाच्या सॉफ्टवेअरची हकिगत मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्याची पहिली पक्की आवृत्ती ३१ मार्च २००८ रोजी आली. २०११ मध्ये ईबेने ते घेतले, २०१५ मध्ये ते एका गुंतवणूक कंपनीकडे गेले आणि २०१८ मध्ये अडोबीने १.६८ अब्ज डॉलर मोजून ते विकत घेतले. म्हणजे दहा वर्षांत मालक तीनदा बदलला. नोव्हेंबर २०१५ मध्ये मॅजेंटो २ आले. नावावरून तो आधीच्याच घराचा वरचा मजला वाटत असला, तरी प्रत्यक्षात ते नवे घर होते. जुनी थीम त्यावर चालत नव्हती, प्रत्येक एक्स्टेन्शन (म्हणजे तिथले प्लगइन) नव्याने घ्यावे लागत होते आणि डेटा वेगळ्या साधनातून फिरवून न्यावा लागत होता. ज्या छोट्या दुकानदाराने ‘फुकट’ म्हणून मॅजेंटो निवडले होते, त्याच्यापुढे दुकान नव्याने बांधण्याइतका खर्च उभा राहिला आणि पुष्कळांनी तो पुढे ढकलला. ३० जून २०२० रोजी जुन्या मॅजेंटोचा अधिकृत सपोर्ट संपला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अवघ्या काही दिवसांत सुमारे दोन हजार दुकानांच्या चेकआउट, म्हणजे पैसे भरण्याच्या पानात ग्राहकांच्या कार्डाची माहिती चोरणारा कोड घुसवला गेला, आणि त्यांतली बहुतेक दुकाने जुन्या मॅजेंटोवरच होती.

या हकिगतीची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. जुन्या मॅजेंटोच्या कोडची जबाबदारी काही लोकांनी ओपनमेज या नावाने आपल्याकडे घेतली आणि त्याच्या दुरुस्त्या चालू ठेवल्या. परवाना खुला नसता तर हे शक्यच झाले नसते. म्हणजे वारस होता. अनेक दुकानदारांना मात्र तो आहे हेच ठाऊक नव्हते, आणि ज्यांना ठाऊक होते त्यांच्यापैकी काहींच्या दुकानात मूळ फायलींमध्ये इतके हात फिरलेले होते की कोणतीही दुरुस्ती बिनधोक लावता येत नव्हती. असे एक दुकान मी स्वतः सांभाळले आहे. त्यात आधीच्या डेव्हलपरने कर प्रत्येक ओळीवर पूर्णांकात आणायचा की शेवटच्या बेरजेवर, हा छोटासा बदल थेट मूळ कोडमध्ये करून ठेवला होता आणि कुठेही लिहून ठेवले नव्हते. पहिल्याच अपडेटने तो बदल पुसला गेला आणि बिले काही पैशांनी चुकू लागली. त्यानंतर मालक अपडेटच्या नावानेच धास्तावले आणि तीन वर्षे त्यांनी ते दुकान तसेच ठेवले. तो बदल वेगळ्या छोट्या प्लगइनमध्ये ठेवायला फार तर एक दिवस लागला असता.

सॉफ्टवेअर जिवंत आहे की नाही हे कळायला डेव्हलपर असावे लागत नाही. बहुतेक प्रकल्पांचा कोड आणि त्यावरची चर्चा उघडी असते. गेल्या वर्षभरात किती वेगवेगळ्या माणसांनी कोड दिला, की सगळे काम एकाच नावावर दिसते. शेवटची आवृत्ती कधी आली आणि तिच्यासोबत काय बदलले हे नीट लिहिले आहे का. सुरक्षेची त्रुटी कळवायची तर कुठे कळवायची याचे पान आहे का. वापरकर्त्यांच्या तक्रारींना उत्तरे मिळतात का, की त्या महिनोन्‌महिने तशाच पडून राहतात, हे कोणीही संध्याकाळचा एक तास देऊन पाहू शकतो. प्रकल्पाच्या पानावर किती लोकांनी पसंतीच्या तारका दिल्या आहेत याला मी अजिबात महत्त्व देत नाही, कारण त्या एकदा दिल्या की कोणी काढून घेत नाही आणि बंद पडलेल्या प्रकल्पावरही तशाच राहतात. त्याऐवजी मागच्या दोन मोठ्या आवृत्त्या बदलताना जुन्या दुकानांचे काय झाले ते शोधून वाचावे. पुढच्या वेळी आपले काय होणार याचा अंदाज तिथे मिळतो.

मुख्य सॉफ्टवेअर कितीही भक्कम असले तरी दुकान अडते ते बहुधा प्लगइनपाशी, आणि ते कसे अडते हे माझ्या एका अनुभवावरून सांगतो. एका दुकानात पेमेंट गेटवे, म्हणजे ग्राहकांचे पैसे ऑनलाइन स्वीकारणारी सेवा, जोडण्यासाठी एकाच माणसाने लिहिलेले प्लगइन वापरलेले होते. ते कित्येक वर्षे बिनतक्रार चालले. त्याच्या लेखकाने ते सांभाळणे केव्हाच सोडले होते, पण चालते आहे म्हटल्यावर त्याकडे कोणी पाहिले नाही. मग ते प्लगइन ज्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेले होते त्या पीएचपीच्या ७.४ आवृत्तीची मुदत २८ नोव्हेंबर २०२२ रोजी संपली आणि होस्टिंग कंपनीने रीतसर सूचना देऊन सर्व्हरवर पीएचपी ८ चढवले. दुकान उघडत होते, वस्तू दिसत होत्या, कार्ट भरत होती, ग्राहक पैसेही भरत होते. पण पैसे मिळाल्याचा निरोप गेटवेकडून दुकानाकडे येतो, तो वाचणाऱ्या फाइलमध्ये ‘ईच’ नावाचे एक जुने फंक्शन वापरलेले होते आणि पीएचपी ८ मधून ते काढून टाकलेले आहे. त्यामुळे निरोप आला की ती फाइल जागीच कोसळत होती. ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेलेले, आणि दुकानात ऑर्डरपुढे ‘पेमेंटची प्रतीक्षा’ हेच शब्द.

हे रात्री सुरू झाले आणि सकाळी ग्राहकांचे फोन येऊ लागले तेव्हा उघडकीस आले, कारण पडद्यावर चूक कुठेच दिसत नव्हती; ती फक्त सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये, एकाच ओळीत, पुन्हा पुन्हा नोंदली जात होती. त्या दिवशी गेटवेचे विवरणपत्र एका पडद्यावर आणि ऑर्डरींची यादी दुसऱ्या पडद्यावर ठेवून मालकीणबाई आणि मी एकेक रक्कम, एकेक वेळ जुळवत बसलो. काही ग्राहकांनी ऑर्डर झाली नाही असे समजून दुसऱ्यांदा पैसे भरले होते. त्यांचे परतावे वेगळे काढावे लागले. फंक्शन बदलायला दहा मिनिटेसुद्धा लागली नाहीत. हिशेब आणि ग्राहकांचा विश्वास सावरायला किती दिवस गेले ते मी पाहिले आहे. ओपन सोर्स असल्यामुळे ती फाइल उघडून दुरुस्त करता आली, हे मी आवर्जून नोंदवतो. पण त्या प्लगइनला कोणीही वाली उरलेला नाही हे आम्हांला दोन वर्षे आधी कळू शकले असते आणि तेव्हा सवडीने दुसरे घेता आले असते, ही खंत मला आजही आहे.

म्हणून प्लगइनची संख्या जितकी कमी तितकी बरी, असे माझे ठाम मत झाले आहे. ज्या गोष्टींवाचून दुकान बंद पडेल, म्हणजे पेमेंट, पाठवणी आणि कर, त्यांची प्लगइन शक्यतो मुख्य सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांची किंवा खुद्द पेमेंट गेटवेची असावीत. बाकीच्या प्रत्येक प्लगइनपुढे शेवटच्या अपडेटची तारीख लिहून एक यादी ठेवावी आणि ती दर तीन महिन्यांनी तपासावी.

सुरक्षेच्या दुरुस्त्या दुकानापर्यंत पोहोचतात कशा, हा निवडीच्या वेळी विचारायचा आणखी एक प्रश्न. फेब्रुवारी २०१५ मध्ये मॅजेंटोतल्या एका गंभीर त्रुटीची दुरुस्ती प्रसिद्ध झाली, पण ती ज्याने त्याने आपल्या हाताने लावायची होती. दोन महिन्यांनी त्या त्रुटीचा तपशील जाहीर झाला तेव्हाही हजारो दुकानांनी ती लावलेली नव्हती. याउलट जुलै २०२१ मध्ये वूकॉमर्समध्ये तशीच गंभीर त्रुटी सापडली तेव्हा ते सांभाळणाऱ्यांनी नव्वदहून अधिक आवृत्त्यांसाठी स्वतंत्र दुरुस्त्या तयार केल्या आणि त्या दुकानांपर्यंत आपोआप पोहोचवल्या. वारस समर्थ असणे म्हणजे काय, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. कार्डाच्या माहितीबद्दल एवढेच सांगतो की, ती आपल्या सर्व्हरवरून जाऊच देऊ नये. पैसे भरण्याचे पान गेटवेचे असावे, किंवा निदान कार्डाचे रकाने तरी गेटवेकडून येणारे असावेत. कार्ड कंपन्यांनी ठरवलेल्या पीसीआय डीएसएस या मानकात ३१ मार्च २०२५ पासून पैसे भरण्याच्या पानावर चालणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टची नोंद आणि तिचे कारण ठेवणेही बंधनकारक झाले आहे. जाहिरातीचा किंवा गप्पांच्या खिडकीचा कोड त्या पानावर सहज म्हणून टाकण्याची सवय यापुढे सोडावी लागेल.

परवान्याचा मजकूर दुकानदार वाचत नाहीत आणि डेव्हलपर तो समजावून सांगत नाहीत, त्यामुळे दोन टोकांचे गैरसमज दिसतात. वूकॉमर्स आणि ओपनकार्ट यांचा परवाना जीपीएल आहे, मॅजेंटोची खुली आवृत्ती आणि प्रेस्टाशॉपचा गाभा ओएसएल या परवान्याखाली आहेत, शॉपवेअर ६ आणि सिलियस एमआयटीखाली येतात. यांपैकी जीपीएल किंवा एमआयटीखालचे सॉफ्टवेअर आपल्या सर्व्हरवर चालवून दुकान थाटले म्हणून आपण केलेले बदल जगाला द्यावे लागत नाहीत. जीपीएलची अट लागू होते ती सॉफ्टवेअर दुसऱ्याला वाटताना. एजीपीएल हा परवाना आणि ओएसएल यांत मात्र बदललेला कोड जाळ्यावरून इतरांच्या वापरासाठी चालवला तरी तो देण्याची जबाबदारी येऊ शकते, म्हणून तिथे मजकूर नीट वाचून किंवा जाणकाराला दाखवून पुढे जावे. आणि ‘कोड उघडा दिसतो’ म्हणजे ओपन सोर्स असे होत नाही. कोड पाहता येतो पण व्यापारासाठी वापरण्यावर किंवा पुढे वाटण्यावर बंधन आहे, अशा परवान्याखालच्या सॉफ्टवेअरला वारस मिळूच शकत नाही. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ओपन सोर्स इनिशिएटिव्हच्या मान्य यादीत तो परवाना आहे का, हे पाहिले की बहुतेक वेळा उत्तर मिळते.

परवाना कितीही उदार असला तरी दुकान आपल्या हातात नसेल तर त्याचा उपयोग होत नाही, आणि हे मी फार वेळा पाहिले आहे. डोमेन डेव्हलपरच्या नावावर नोंदवलेले, होस्टिंग त्याच्या खात्यात, कोड त्याच्या लॅपटॉपवर, आणि मालकाकडे फक्त वस्तू चढवण्यापुरते लॉगिन. मग तो डेव्हलपर फोन उचलेनासा झाला की मुक्त सॉफ्टवेअरवर उभे असलेले दुकान पूर्णपणे बंदिस्त झालेले असते. डोमेन, होस्टिंग, गेटवे आणि कोडचे भांडार ही चारही खाती मालकाच्या ईमेलवर असावीत आणि डेव्हलपरला त्यांत हवा तेवढा प्रवेश द्यावा, हे कामाच्या पहिल्याच दिवशी लेखी ठरलेले असावे. चांगल्या डेव्हलपरला यात अपमान वाटत नाही.

कोणते सॉफ्टवेअर कोणाला झेपेल, याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण याचे उत्तर दुकानागणिक बदलते. जुलै २०२० मध्ये आलेल्या मॅजेंटो २.४ पासून डेटाबेसखेरीज शोधासाठी स्वतंत्र सर्च इंजिनही चालवावे लागते. चाळीस-पन्नास वस्तूंच्या दुकानाने हा संसार अंगावर घेऊ नये. सिलियस, सॅलिओर, मेड्युसा ही उत्तम दर्जाची कामे आहेत, पण ती तयार दुकानापेक्षा दुकान बांधण्याच्या सामानासारखी आहेत, आणि ज्याच्याकडे कायमचा डेव्हलपर नाही त्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. ज्यांचे संकेतस्थळ आधीच वर्डप्रेसवर आहे त्यांना वूकॉमर्स सोपे जाते. त्यात अनेक वर्षे ऑर्डरी लेखांच्याच तक्त्यात साठवल्या जात होत्या आणि ऑर्डरी वाढल्या की दुकान जड होई. ऑक्टोबर २०२३ मधल्या ८.२ आवृत्तीपासून नव्या दुकानांत त्यांना स्वतंत्र तक्ते मिळाले. जुने दुकान असेल तर हा बदल आपल्याकडे झाला आहे का, आणि आपली प्लगइन त्याला तयार आहेत का, हे पाहून घ्यावे.

भाषेचा मुद्दा मराठी वाचकांसाठी लिहिणे भाग आहे. पडद्यावर देवनागरी नीट दिसते म्हणजे काम झाले असे समजू नये. बिलाची पीडीएफ तयार करणारी काही साधने अक्षरे जोडण्याचे काम करत नाहीत. त्यामुळे ‘किंमत’ या शब्दातली वेलांटी ‘क’च्या डावीकडे न बसता उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी सुटी छापली जातात. मराठीत बिल देणाऱ्याने डेमोमधल्या इंग्रजी बिलावर भरवसा न ठेवता आपल्या वस्तूंच्या नावाचे एक बिल छापून पाहावे.

किंबहुना डेमोवर कशाच्याच बाबतीत भरवसा ठेवू नये. डेमोत सगळ्या वस्तू सरळ असतात. आपल्या दुकानातल्या नसतात. निवड पक्की करण्यापूर्वी दोन पर्याय चाचणीच्या सर्व्हरवर बसवावेत आणि आपल्याकडच्या सर्वांत अडचणीच्या दहा वस्तू त्यांत भराव्यात : ज्यांचे आकार आणि रंग वेगवेगळे आहेत, ज्या वजनावर विकल्या जातात, ज्यांवर कराचा दर निराळा आहे. मग तीन वस्तूंची एक ऑर्डर कूपन लावून द्यावी आणि त्यांतली एकच वस्तू परत घेऊन परतावा बरोबर निघतो का ते पाहावे; सवलत तिन्ही वस्तूंत वाटून परतावा काढताना चांगली चांगली सॉफ्टवेअर्स अडखळतात. एखाद्या वस्तूचा स्टॉक एकच ठेवून दोन फोनवरून ती एकाच वेळी विकत घेऊन पाहावी. पैसे भरल्यावर, दुकानाचे ‘धन्यवाद’ पान उघडण्याआधीच ब्राउझर बंद करावा आणि ऑर्डर तरीही पुरी होते का हे तपासावे, कारण प्रत्यक्षात ग्राहकाचे नेटवर्क नेमके तिथेच तुटते. या चार कसोट्यांना दोन दिवस पुरतात आणि त्यांतून जे कळते ते वैशिष्ट्यांच्या कोणत्याही तक्त्यातून कळत नाही.

त्याच चाचणीत बाहेर पडण्याची वाटही चालून पाहावी, आणि याच टप्प्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. वस्तूंची यादी बहुतेक सॉफ्टवेअर्स सहज काढून देतात. पण ग्राहक, त्यांचे पत्ते, जुन्या ऑर्डरींतली प्रत्येक ओळ, त्या वेळचा भाव आणि त्या वेळचा कर हे सगळे एका फाइलीत बाहेर येते का? पासवर्ड ज्या सांकेतिक रूपात साठवले जातात ते नव्या सॉफ्टवेअरला वाचता येते का, की स्थलांतराच्या दिवशी प्रत्येक ग्राहकाला नवा पासवर्ड घ्यायला लावावे लागेल? वस्तूंच्या पानांचे जुने पत्ते नव्या पत्त्यांकडे कायमचे वळवता येतील का, नाहीतर सर्च इंजिनमधली वर्षांची पुण्याई एका रात्रीत जाईल. बॅकअप घेतला जातो एवढ्यावर समाधान न मानता तो दुसऱ्या, कोऱ्या सर्व्हरवर चढवून दुकान प्रत्यक्ष उघडते का हेही एकदा पाहावे. मी हाताळलेल्या दुकानांपैकी कित्येकांकडे बॅकअपच्या फायली होत्या, पण त्यांतल्या काहींत डेटाबेस होता आणि वस्तूंची छायाचित्रे नव्हती.

ओपन सोर्सवर माझी निष्ठा असूनही एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. ज्याच्याकडे महिन्यातून निदान एक दिवस अपडेट, बॅकअप आणि तपासणीसाठी देणारा माणूस नाही, आणि तसा माणूस पगारावर किंवा करारावर ठेवण्याची तयारीही नाही, त्याने आज भाड्याची तयार सेवा घ्यावी. मात्र तिथेही सगळा डेटा बाहेर काढता येतो का हे आधी पाहून घ्यावे, म्हणजे व्यवसाय वाढला की मुक्त सॉफ्टवेअरकडे येण्याची वाट खुली राहील. ओपन सोर्सचे दुकान उभारून त्याकडे पाठ फिरवणे हे दोन्हींपेक्षा वाईट, कारण त्यात चोरीस जाते ती ग्राहकांची माहिती, आणि निवडीच्या वेळी त्या ग्राहकांना कोणी विचारलेले नसते.

आपणांस माझी एक विनंती आहे. यापुढे आपल्या पानांवर ऑनलाइन दुकानासाठी एखाद्या सॉफ्टवेअरची शिफारस छापताना त्याच्या नावाशेजारी चार गोष्टी जरूर द्याव्यात : परवाना कोणता, शेवटची आवृत्ती कोणत्या तारखेची, सध्याच्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या कधीपर्यंत मिळणार, आणि सगळा डेटा बाहेर काढण्याची सोय आहे की नाही. या माहितीला चार ओळींपेक्षा जास्त जागा लागणार नाही, आणि ती बहुतेक प्रकल्पांच्या स्वतःच्या पानांवर उपलब्ध असते.

कळावे,
आपला,
ऑनलाइन दुकानांची देखभाल करणारा एक वाचक